अर्धे टोचलेले गाव

मुंबई बंदराच्या आग्नेयेस, समुद्रमार्गे सुमारे ८ मैलांवर, मोरा नावाचे एक लहानसे बंदर आहे. उरण गावाचे ते समुद्राकडील दार होय. उरणचा सारा मुलूख पूर्वी करंजा बेट म्हणून ओळखला जाई. खाड्यांनी तो मुख्य भूमीपासून अलग पाडलेला होता, आणि त्यामुळे पनवेल किंवा अलिबाग यांच्यापेक्षा मुंबईच त्याला अधिक जवळची होती. मिठागरांतील मीठ, मोहाच्या भट्ट्यांतील दारू आणि कोळ्यांच्या जाळ्यांतील मासळी मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईस जाई. मुंबईतून धान्य, कापड, पैसा व बातमी त्याच वाटेने परत येई. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा तोही या रोजच्या वाटेला येण्यास फार दिवस लागले नाहीत.

मोऱ्याची वस्ती त्या वेळी हजारांच्या आत होती. १८९७ च्या साथीत त्यांपैकी ४२९ माणसांनी नव्याने निघालेली प्लेगची लस टोचून घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. न टोचलेल्यांपैकी २६ जणांस प्लेग झाला आणि त्यांतील २४ दगावले. टोचलेल्यांपैकी ७ जणांस प्लेग झाला. त्यांतील एकही दगावला नाही. लशीचा जनक डॉ. वाल्डेमार हाफकिन याने आपल्या लशीच्या बाजूने जे पुरावे जगापुढे मांडले, त्यांत कुलाबा जिल्ह्यातील या कोळीवजा बंदराचे आकडे आहेत.

आकडे चार, आणि ओळ एकच. परंतु ती ओळ सावकाश वाचली म्हणजे तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागते. सारे मोरा टोचले गेले असते, तर लस गुणकारी आहे हे मोऱ्यावरून कधीच सिद्ध झाले नसते. कोणीच टोचून घेतले नसते, तरीही नसते. गाव अर्धे टोचलेले व अर्धे न टोचलेले होते, म्हणूनच पुरावा उभा राहिला. त्या पुराव्याच्या एका बाजूस ४२९ वाचलेले आहेत, तर दुसऱ्या बाजूस २४ तिरड्या आहेत. शास्त्राच्या ग्रंथांत पहिल्या बाजूची कीर्ती झाली. दुसरी बाजू तशी का राहिली, हा प्रश्न मात्र वैद्यकाचा नसून समाजाच्या इतिहासाचा आहे; आणि तो १८९७ मध्ये संपलेला नाही.

ज्या किनाऱ्यास आज रायगड जिल्ह्याचा किनारा म्हणतात, आणि १९८१ पर्यंत ज्याचे नाव कुलाबा होते, त्याला टोचणीची ओळख प्लेगाने करून दिली असे नाही. ती ओळख देवीच्या रोगाने त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे करून दिली होती. इंग्लंडात जेन्नर याने १७९६ साली गाईच्या देवींची लस माणसास टोचून पाहिली. ती लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा अशी मजल दरमजल करीत, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर उतरत, मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम उठली, आणि तेथून हिंदुस्थानभर पसरली.

त्या वेळी या किनाऱ्यावर एकच राज्य नव्हते. करंजा बेट सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये कंपनी सरकारकडे कायम झालेले, अलिबागेस आंग्रे, मुरुडास जंजिऱ्याचा सिद्दी, पेण-पनवेलकडे पेशवाई. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले, आणि जंजिरा तर १९४८ पर्यंत टिकून होता. तेव्हा एका खाडीच्या अलीकडे ज्या मुलाच्या देवी काढल्या जात, त्याच्याच मावसभावाच्या पलीकडच्या तीरावर काढल्या जातीलच असा भरवसा नसे. रोगाला मात्र सरहद्द नव्हती. मचव्यातून माणूस जेथे जाई, तेथे देवीही जात.

गावोगाव हिंडणारा ‘देवी डॉक्टर’ पुढे या मुलखाच्या परिचयाचा झाला. पावसाळा सरला, वाटा कोरड्या झाल्या, म्हणजे तो येई. त्याच्या कामात मोठी अडचण होती ती लशीच्या साठ्याची. जनावरांपासून तयार केलेली लस सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी एका मुलाच्या दंडावर उठलेला फोड आठव्या दिवशी फोडून त्यातील लस दुसऱ्या मुलास टोचीत. म्हणजे आपले मूल एकदा टोचून घेतले की काम संपले असे नसे. आठवड्याने तेच मूल दुसऱ्यांसाठी पुन्हा पुढे करावे लागे. जखम चिघळेल या भीतीने आया मुले लपवीत. परक्या जातीच्या मुलाच्या अंगातील पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाणार, याचाही संकोच असे. शिवाय देवी हा नुसता रोग नव्हता, ती देवी होती. चौलास शीतळादेवीचे मोठे देवस्थान आहे. मुलाच्या अंगावर फोड आले म्हणजे घरात सोवळे पाळावयाचे, देवीचा कोप शांत करावयाचा, ही रीत शेकडो वर्षांची. तिच्या अंगणात सुई घेऊन शिरणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले गेले, यात नवल नाही.

तरीही दोनतीन पिढ्यांत हा संशय पुष्कळसा निवळला. मुंबई शहरात १८७७ मध्ये टोचणीची सक्ती झाली. खेड्यांत काम पुष्कळसे समजुतीवर चाले. तोच माणूस दरसाल येई. ज्याच्या मुलाच्या देवी मागल्या साली काढल्या होत्या, ते मूल यंदा अंगणात खेळताना शेजाऱ्यास दिसे. शीतळादेवीचा नवस आणि दंडावरचा व्रण, दोन्ही एकाच घरात नांदू लागले. कोकणी माणसाने एक सोडून दुसरे धरले असे झाले नाही, दोन्ही ठेवले. ही संथ जमवाजमव हेच त्या कामाचे खरे बळ होते, आणि प्लेगाच्या वेळी नेमका तेवढाच वेळ कोणाजवळ नव्हता.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी ही धान्याच्या वखारींची पेठ. आधी उंदीर पडू लागले, मग माणसे. हिवाळ्यापर्यंत शहर रिकामे होऊ लागले. आठ लाखांच्या मुंबईतून लाखो लोक रेल्वेने, आगबोटीने व गलबतांनी बाहेर पडले. घाटावरचे घाटावर गेले, कोकणातले कोकणात. गिरणीतला मजूर, गोदीतला हमाल, घरकामाचा गडी ही सर्व माणसे आपल्या गावी परतली. परतणारा प्रत्येक जण रोग घेऊन येत नव्हता. परंतु कोण आणतो आणि कोण आणीत नाही, हे ओळखण्याचे साधन गावापाशी नव्हते. आपलेच माणूस दारात उभे, आणि त्याला आत घ्यावे की न घ्यावे, हा पेच त्या वर्षी कोकणातील घरोघरी पडला.

सरकारने हाती घेतलेले उपाय कठोर होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चमध्ये मुंबईस जनरल गॅटेकर याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली. घरझडत्या, रोग्यास बळाने इस्पितळात नेणे, त्याच्या सोबतच्यांस छावणीत अडकवून ठेवणे, सामान जाळणे, कौले काढून घरात ऊन पाडणे, बंदरांवर व स्टेशनांवर उतारूंची तपासणी, असे ते उपाय. पुण्यात त्यांचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँड याच्यावरील गोळीबारात झाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच पुण्यात १० मार्च रोजी रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगाने वारल्या. एकाच महिन्यात, एकाच शहरात, रोग्याजवळ जाण्याच्या दोन तऱ्हा दिसून आल्या. एकीचे लोकांस भय वाटले आणि दुसरीबद्दल आदर.

या धामधुमीत हाफकिन याचे काम एका कोपऱ्यात चालू होते. तो ओडेसा येथील ज्यू कुळातला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला. १८९३ पासून तो हिंदुस्थानात पटकीची लस टोचीत हिंडत होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक कारकून व तीन शिपाई मिळाले. प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवावयाचे. परंतु गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू व मुसलमान दोघेही लस नाकारतील, हे ओळखून त्याने बकऱ्याचे मांस घेतले. रसाच्या पृष्ठभागावर तो साजूक तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवी. त्या थेंबांना धरून जंतूंचे धागे गुहेतील छताच्या लोंबकळणाऱ्या सुळक्यांप्रमाणे खाली वाढत. कुपी हलवली की धागे तुटून तळाशी बसत आणि नवे वाढू लागत. पुरेसे पीक आले म्हणजे ते तापवून जंतू मारीत, आणि ते मेलेले जंतू म्हणजेच लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचण्यात आली आणि तिचा गुण दिसला.

लस टोचली म्हणजे चांगलाच ताप येई. दंड सुजे, अंग मोडून येई, एकदोन दिवस अंथरूण धरावे लागे. सुशिक्षित घरांतून हा त्रास किरकोळ वाटे. पण मिठागरावर रोजाने राबणाऱ्या आगऱ्यास, किंवा उधाणभरतीच्या दिवसांत समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यास, दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची चूल. फुकट मिळणारी लस त्याला फुकट पडत नव्हती. त्यातून ती टोचून घ्यावयाची तर साहेबाच्या माणसासमोर जाऊन उभे राहावयाचे; आणि त्या दिवसांत साहेबाच्या माणसासमोर ताप अंगात घेऊन उभे राहणे हेच मोठ्या जोखमीचे होते. टोचणीचा ताप कोणता आणि प्लेगचा ताप कोणता, हे छावणीत नेणाऱ्या शिपायास कोण पटवून देणार?

येथे त्या काळच्या गोंधळाचे मूळ सापडते. टोचणी ऐच्छिक होती. सरकारने ती सक्तीची केली नाही. विलगीकरण मात्र सक्तीचे होते. कायद्याच्या पुस्तकात या दोन निराळ्या गोष्टी होत्या. गावकऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या एकाच हाताच्या दोन बोटांसारख्या होत्या. ज्या सरकारचा माणूस सकाळी घर उघडून पाहतो, त्याच सरकारचा माणूस दुपारी दंड उघडा करावयास सांगतो. पुढे टोचल्याचा दाखला असणारास छावणीतून व प्रवासातील अडवणुकीतून सवलत मिळू लागली, तेव्हा तर टोचणी दवाखान्यातून निघून पोलिसांच्या चौकीत जाऊन बसल्यासारखी झाली. दाखल्यासाठी पुष्कळांनी टोचून घेतले, पण त्यामुळे विश्वास वाढला असे म्हणता येत नाही.

विश्वास जेथे वाढला, तेथे तो कोणा ओळखीच्या माणसामुळे वाढला. मुंबईतील खोजा समाजाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. समाजाचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान त्या वेळी विशीच्या आतबाहेर होते. त्यांनी आपल्या लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि हाफकिन यास प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. ते पाहून हजारो खोजे पुढे आले. व्याख्यानांनी व हस्तपत्रकांनी जे साधले नाही, ते एका उघड्या दंडाने साधले. मोऱ्यातील ४२९ माणसेही हजारांच्या आतल्या वस्तीत थोडी नव्हेत. एवढ्या लहान गावात एवढी माणसे पुढे येतात, तेव्हा ती एकेकटी आलेली नसतात. एका घराने पाहिले की शेजारचे घर येते, एका तांडेलाने घेतली की त्याच्या होडीवरचे खलाशी येतात. आणि ज्या आळीत पहिले घर पुढे झाले नाही, ती आळी सबंध मागे राहते. लहान गावांतील अर्धेपणा असा आळीआळीने पडत असतो.

आता पुराव्याकडे वळावयास हवे, कारण खरा नैतिक पेच तेथे आहे. न टोचलेल्यांची संख्या मोऱ्यात जास्तीत जास्त ५७१ धरली, तर त्यांच्यात दर शेकडा चारांहून अधिकांस प्लेग झाला. टोचलेल्यांत दोहोंपेक्षा कमी. म्हणजे लसीने रोग टाळला तो निम्म्याहून थोडा अधिक. परंतु रोग झाल्यावर मरण टाळले ते सर्वस्वी. लस ही रोगाच्या वाटेवरची भिंत नव्हती. रोग घरात आल्यावर माणूस जगावा, एवढी ती सोबत होती. इतर ठिकाणचे अनुभवही याच दिशेचे होते. दमणमध्ये टोचलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ वारले. न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळ्यास टोचलेल्या ३२३ पैकी ७ आणि न टोचलेल्या ३७७ पैकी ५७.

या आकड्यांवर शंका घेणारेही होते, आणि त्यांच्या शंका पोकळ नव्हत्या. जो स्वतः होऊन टोचून घ्यावयास येतो, तो बहुधा धडधाकट असतो, त्याचे घर थोडे बऱ्यापैकी असते, त्याला सावध राहण्याची सवय असते. मग तो वाचला तो लसीमुळे की या इतर गोष्टींमुळे? साथीच्या दिवसांत गाव सोडून जाणारे कोणत्या बाजूस मोजावयाचे? ज्याला टोचतानाच रोगाची बाधा झालेली होती, त्याचा हिशेब कोठे? या शंका मिटविण्यासाठी हाफकिन याने १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी निराळाच उपाय योजला. तेथे प्रत्येक घरातील साधारण निम्मी माणसे टोचावयाची आणि निम्मी सोडावयाची. एकच छप्पर, एकच चूल, एकच उंदीर. फरक काय तो लसीचा. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ आजारी पडली व ३ वारली. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडली व २६ वारली.

शास्त्राच्या दृष्टीने उंढेऱ्याचा पुरावा मोऱ्याच्या पुराव्याहून बळकट आहे. माणुसकीच्या दृष्टीने तो वाचताना थांबावे लागते. एका घरातील दोन भावांपैकी एकास टोचले, दुसऱ्यास टोचले नाही. आणि प्लेग आला. ज्या काळी लसीचा गुण खरोखरच निश्चित नव्हता, त्या काळी हे करण्यास कारण होते, हे मान्य करावे लागते; लसीने अपायही होऊ शकला असता, आणि मग वाचलेला भाऊ दुसरा ठरला असता. मोऱ्यात ही विभागणी कोणी ठरवून केली नव्हती, ती आपोआप झाली होती. तथापि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. जगातील कोट्यवधी माणसांना पुढे ज्या ज्ञानाचा उपयोग झाला, त्या ज्ञानाची अर्धी किंमत ज्यांनी दिली, ते आपण काही देत आहो हे न जाणताच देऊन गेले.

प्रो. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील हिंदुस्थान प्लेग कमिशनने १८९८-९९ मध्ये हे सर्व आकडे तपासले. पुष्कळ हिशेबांत दोष आढळले. तरी टोचणीने प्लेग होण्याचे प्रमाण घटते, मृत्यूंचे प्रमाणही घटते, मात्र संरक्षण पूर्ण नसते, असाच निष्कर्ष निघाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. १९२५ मध्ये तिला हाफकिनचे नाव मिळाले.

परंतु शास्त्राचा निकाल लागला म्हणून लोकांचा निकाल लागत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष प्रयोगशाळेचा की बाटली उघडणाऱ्याच्या हाताचा, याचा वाद वर्षानुवर्षे चालला. हाफकिन यास काम सोडावे लागले, आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्याची बाजू लावून धरल्यावर तो दोषमुक्त ठरला. दरम्यान जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. लाखो निर्दोष मात्रांनी कमावलेला विश्वास एका बाटलीने गमावला. प्लेग मात्र थांबला नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत त्याने हिंदुस्थानात जे बळी घेतले, ते पूर्वीचे धरून एक कोटीच्या वर जातात.

याच काळात खेड्यांनी आपला एक उपाय शोधून काढला होता, आणि तो मुळीच मागासलेला नव्हता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचा, माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहावयाचे, आणि उंदीर मरावयाचे थांबल्याखेरीज परतावयाचे नाही. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवांचा सिद्धान्त मांडला, आणि १९०५ नंतर मुंबईतील संशोधनाने प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत माणसास होतो हे निश्चित केले. तेव्हा खेडुताची ही रीत शास्त्रशुद्ध ठरली. ज्यांना अडाणी म्हणून सैनिकांच्या पहाऱ्यात ठेवले होते, त्यांनी रोगाचे अर्धे रहस्य आधीच ओळखले होते. टोचणी व स्थलांतर हे दोन उपाय एकमेकांस पूरक होते. पण ते सांगावयास व ऐकावयास एकमेकांशी बोलणे असावे लागते, आणि तेच तुटलेले होते.

या घटनेनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी याच किनाऱ्यावर पुन्हा एक साथ आली. १८९७ चाच साथीचा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. मुंबईहून कोकणात परतणाऱ्यांची तीच रांग, आणि गावाच्या वेशीवर तोच पेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या भागांत घरांची छपरे, वीज आणि नारळीपोफळीच्या बागा एका दिवसात गेल्या. १६ जानेवारी २०२१ पासून देशात करोनाची लस टोचावयास आरंभ झाला, आणि एप्रिलात दुसरी लाट उसळली तेव्हा लसीकरण अर्ध्यावरही आले नव्हते.

या वेळचा अर्धेपणा निराळ्या जातीचा होता. १८९७ मध्ये लस पुढे होती आणि माणसे मागे. २०२१ च्या उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी माणसे पहाटेपासून रांगेत होती आणि लस मागे. १ मे रोजी १८ ते ४४ वयाच्या लोकांस लस खुली झाली, परंतु नोंदणी ऑनलाइनच करावयाची होती. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागच्या जागी नोंदणीची मुभा मिळेपर्यंत, ज्याच्या घरी जोडणी नाही त्याला वय असून पाळी नव्हती. मध्यंतरी साठा अपुरा पडल्यामुळे महाराष्ट्राने या वयोगटाचे लसीकरण १२ मे रोजी थांबविले. १७ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले आणि हजारोंना घरे सोडून हलवावे लागले. पनवेलसारख्या शहरात रोग्यांची संख्या मोठी आणि दवाखानेही जवळ; डोंगरातील कातकरी वाड्यांवर दोन्ही दूर. ज्याचे निम्मे वर्ष वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर परमुलखात जाते, त्याने पहिली मात्रा एका गावी घेतली तर बारा आठवड्यांनंतरची दुसरी कोठे घ्यावयाची? अशा घराला ‘लस नाकारणारे’ म्हणणे सोपे आहे. ते खरे असतेच असे नाही.

नाकारणारेही होते. तापाची भीती, रोज बुडण्याची चिंता, टोचले की माणूस मरतो ही अफवा, हे सर्व १८९७ चेच होते, शब्दसुद्धा फारसे बदललेले नव्हते. आणि ते दूर करण्याचा उपायही तोच ठरला. गावच्या आशा कार्यकर्तीने स्वतः घेतली, अंगणवाडीच्या बाईने घेतली, सरपंचाने घेतली, मग वाडी पुढे आली. फरक इतकाच की या वेळी टोचणाऱ्यामागे शिपाई उभा नव्हता, आणि टोचणारी पुष्कळदा त्याच तालुक्यातली होती.

मोऱ्याच्या त्या २४ जणांची नावे हाफकिनच्या आकड्यांत नाहीत. त्यांतले किती कोळी, किती आगरी, किती बायका, किती पोरे, हे ते आकडे सांगत नाहीत. ते हट्टाने मागे राहिले, की त्या दिवशी समुद्रावर होते, की दोन दिवसांची मजुरी सोडणे त्यांना परवडले नाही, हेही सांगत नाहीत. ‘न टोचलेले’ या एका शब्दात ही सारी माणसे एकत्र बसविली गेली आहेत. साथीच्या प्रत्येक हिशेबात असा एक रकाना असतो. ज्या समाजाला पुढच्या साथीत तो रकाना लहान करावयाचा असेल, त्याने त्यातील माणसांस अडाणी ठरविण्यापूर्वी त्यांच्या दारापर्यंत जाऊन विचारपूस केली पाहिजे. आणि ती साथ येण्याच्या आधीच्या शांत वर्षांत केली पाहिजे, कारण गावात उंदीर पडू लागल्यावर येणाऱ्या पाहुण्याची ओळख पटविण्यास कोणालाच सवड नसते.